कॉम्प्युटर, मोबाईल जप्त झाला; अहवाल येईपर्यंत मन आणि घर कसं सांभाळायचं?

सकाळी पोलीस येतात, पंचनामा होतो, कॉम्प्युटर आणि मोबाईल सील होऊन जातात. तासाभरात बातमी पारावर पोचते. पण खरा त्रास त्यानंतरचा. अटक नाही, कोर्टाची तारीख नाही, फक्त वाट पाहणं. सातबारा आणि पीक विम्याचे अर्ज भरून देणाऱ्या पोराचं तर पोटच त्या मशीनवर असतं.

एवढा उशीर का लागतो?

जप्त वस्तू तपासणीसाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते. राज्यात मुंबई, नागपूर, पुणे, नाशिक अशा मोजक्याच ठिकाणी या प्रयोगशाळा आहेत आणि एकेकीकडे अनेक जिल्ह्यांचा माल येतो. तिथे आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढतात. त्या प्रतीला 'हॅश' नावाचा आकडा असतो, अंगठ्याच्या ठशासारखा. आत एक अक्षर बदललं तरी आकडा बदलतो. मग पुसलेल्या फाइलीही शोधल्या जातात. यात महिने जातात.

म्हणून उशीर झाला म्हणजे "काहीतरी सापडलं" असं नाही. उशिराचा अर्थ लावत बसलं की माणूस आतून पोखरतो.

मनाचं काय होतं?

फोन वाजला की छातीत धस्स होतं. झोप उडते, पोरांवर उगाच खेकसणं होतं, बाजाराला जाणं बंद होतं. अशा धक्क्यानंतर हे होतंच, त्यात वेड लागल्यासारखं काही नाही. बायको आणि आई-वडील तर काही न करता हेच भोगतात.

हातात काय आहे?

पंचनाम्याची प्रत आणि जप्त वस्तूंची यादी जपून ठेवा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. वस्तू परत मिळावी किंवा कामाच्या फाइलींची प्रत मिळावी म्हणून वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. निर्णय कोर्टाचा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत चौकशी करा, किंवा १५१०० वर फोन लावा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नवाल्यांना तिथे मोफत मदत मिळते.

चूक झाली असेल तर वकिलापासून लपवू नका. आणि घाबरून दुसऱ्या फोनमधलं काही पुसू नका, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे.

रोजचा दिवस कसा काढायचा?

रोज ठाण्याच्या पायऱ्या झिजवू नका. चौकशीचा दिवस वकिलाशी बोलून ठरवा. केसचे कागद, फोन, विचार यांना दिवसातला एक तास द्या, बाकीचा वेळ शेत, जनावरं, घर. दारूत झोप शोधू नका.

पोरांना शाळेत कळण्याआधी घरी सांगा. "तपास चालू आहे, आपण सहकार्य करतोय," एवढं पुरे. गावालाही हेच एक वाक्य. व्हॉट्सअ‍ॅपवर खुलासे देऊ नका. घरात मात्र एक माणूस असा ठेवा, ज्याच्याजवळ सगळं बोलता येईल.

हे दिसलं तर थांबू नका

"मी नसतो तर बरं झालं असतं" असं कुणी बोललं, जेवण सोडलं, एकटंच बसायला लागलं, तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं कुलपात ठेवा. टेलीमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.

आणि शेजाऱ्यांसाठी एवढंच: जप्ती म्हणजे शिक्षा नाही. गुन्हा झाला की नाही, हे कोर्ट ठरवेल. तोवर त्या घरी चहाला जाणं बंद करू नका.