फांदी स्वस्त झाली

गणपतीला गावी गेलेल्या माणसाच्या नावावर कोडची फाइल अडकून पडायची, ते दिवस मी पाहिलेत. एकाने चेक-आउट केलं की फाइलला कुलूप लागायचं. "तो कोकणात गेलाय" एवढं ऐकलं की त्या फाइलचं काम आठवडाभर बंद!

सीव्हीएस या आवृत्ती सांभाळणाऱ्या प्रणालीने कुलूप काढलं. दोघांना एकाच फाइलीत हात घालता येऊ लागला. ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी फांदी, काढायची सोयही होती, पण ती परत जुळवताना घाम फुटे, कारण कुठवरचं मर्ज झालंय याची नोंदच ती प्रणाली ठेवत नसे. त्यामुळे ब्रँच निघायची ती रिलीजपुरती, आणि तीही वरिष्ठांना विचारून.

लिनक्सची तऱ्हा वेगळी. 1991 पासून दहाएक वर्षं लिनस टोरवाल्ड्स ईमेलने आलेले पॅच स्वतः लावत. काही हरवत, मग लोक पुन्हा पाठवत. 2002 मध्ये त्यांनी बिटकीपर ही तशीच प्रणाली घेतली. ती खासगी मालकीची, पण फुकट मिळालेली. एप्रिल 2005 मध्ये ती सवलत बंद होणार हे ठरलं आणि टोरवाल्ड्सनी 3 तारखेला गिट लिहायला घेतलं. 7 तारखेला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जात होता. जुलैमध्ये त्यांनी तो जुनिओ हमानो यांच्या हवाली केला.

गिटमध्ये ब्रँच म्हणजे मुळात 41 बाइटची फाइल: कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) 40 अक्षरी क्रमांक आणि ओळ संपल्याची खूण. कोडची नक्कल होत नाही. पहिला सोडला तर प्रत्येक कमिट आपला जन्मदाता सांगतो, मर्जचा कमिट तर निदान दोन सांगतो. वाटणीच्या भांडणात वंशावळ काढून मूळ पुरुष गाठावा, तसं गिट दोन फांद्यांचा सामाईक पूर्वज गाठतं.

2008 मध्ये गिटचा कोड ठेवायचं संकेतस्थळ गिटहब आलं, आणि फोर्क (स्वतःची प्रत), पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याची विनंती) हे शब्द रुळले. माझ्या मते खरा बदल इथे झाला. पूर्वी आधी विश्वास कमवायचा, मग मुख्य कोडला हात लावायची परवानगी मिळे. आता अनोळखी माणूस आधी काम करून दाखवतो, परवानगी नंतर मागतो. फक्त ते काम वाचणारी माणसं तेवढीच राहिली.

माझी पहिली पुल रिक्वेस्ट एका ओळीची होती, मदतपानावरची शुद्धलेखनाची चूक. तीन महिन्यांनी उत्तर आलं: "रिबेस करा." माझा बदल ताज्या कोडवर बसवायला घेतला, तर ती ओळ मुख्य ब्रँचवर दुसऱ्याच कुणी दुरुस्त केलेली.