सनस्क्रीनच्या बाटल्यांचे वजन

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे व गोऱ्या कातडीचे असून तेथील ऊन मात्र प्रखर असल्यामुळे त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या प्रदेशांत या राज्याची गणना होते. सनस्क्रीनने कातडी भाजत नाही हे ठाऊक असले, तरी तिच्यामुळे कर्करोग टळतो काय, या प्रश्नाचे खात्रीलायक उत्तर साथरोगतज्ज्ञ अडेल ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅम्बोर या गावात १९९२ ते १९९६ या काळात घेतलेल्या चाचणीपूर्वी कोणापाशीही नव्हते.

या चाचणीतील १,६२१ रहिवाशांची विभागणी यदृच्छ पद्धतीने, म्हणजे कोणाच्याही पसंतीला वाव न ठेवता, करण्यात आली. एका गटाने डोके, मान, हात व पंजे यांवर रोज सनस्क्रीन लावायची होती. दुसऱ्या गटाने आपापल्या सवयीप्रमाणे वागायचे होते, कारण गुणहीन मलम हाती देऊन लोकांना उन्हात पाठवणे नीतीला धरून झाले नसते. लोक सांगतात तेवढी सनस्क्रीन खरोखर लावतात काय, हे पडताळण्यासाठी परत आलेल्या बाटल्यांचे वजन केले जाई. डाव्या हाताच्या पाठीचा सिलिकॉनमध्ये ठसा घेऊन त्यावरील बारीक रेषांची जाळी किती शाबूत आहे आणि जाड, खोल रेषा किती उरल्या आहेत, यावरून उन्हाने झालेली झीज ठरवली जाई. ठसा कोणत्या गटातल्या माणसाचा आहे, हे तपासणाऱ्याला कळू दिले जात नसे. निष्कर्षाच्या विश्वासार्हतेचा सारा भार अशा कंटाळवाण्या दक्षतेवरच असतो, आणि तिचे मोल निष्कर्षाइतकेच मानले पाहिजे.

रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा कर्करोग, सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी आढळला. बेसल सेल कार्सिनोमा या, त्याच थराच्या तळाशी उद्भवणाऱ्या प्रकारात मात्र फरक पडला नाही. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा मेलॅनोमा हा अधिक घातक कर्करोग चाचणीनंतरच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यासह पाहता रोज लावणाऱ्यांत ११ जणांना, तर दुसऱ्या गटात २२ जणांना झाला. हे आकडे लहान असल्याने ते जपूनच वाचावे लागतात. तथापि मंद गतीने वाढणाऱ्या रोगाबाबत चार वर्षांत हिशेब मिटवून टाकला असता, तर एवढेही हाती लागले नसते.

हे निष्कर्ष गोऱ्या कातडीच्या लोकांवरून काढलेले असून महाराष्ट्रातील सावळ्या लोकांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. सावळ्या त्वचेत मेलॅनोमा विरळ असतो, आणि झाल्यास तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, म्हणजे उन्हाचा फारसा संबंध नसलेल्या जागी होतो. तेथे सनस्क्रीनपेक्षा रुग्णाला चपला काढायला सांगून त्याचे तळवे व नखे उजेडात नीट पाहणारा डॉक्टर अधिक उपयोगी पडतो.