आधार सुटलेला सर्व्हर आणि जुनें भांडार



वाचनालयांत जाणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. चालू महिन्याचा अंक टेबलावर असतो. मागील वर्षांचे अंक बांधून कपाटांत गेलेले असतात. एखादा वाचक 2018 सालचा दिवाळी अंक टेबलावर शोधूं लागला आणि तो न सांपडल्यामुळें अंक नष्ट झाला असें समजून परत फिरला, तर ग्रंथपाल त्याला थांबवील व कपाटाकडे बोट दाखवील. आज मला जी हकीगत सांगावयाची आहे ती जवळजवळ अशीच आहे. फरक इतकाच कीं, येथें वाचक हा एक संगणक आहे, आणि कपाट कोठें आहे हें त्याला कोणीं सांगितलेलें नव्हतें.

शाळेंतून निवृत्त झाल्यापासून गिरगांवांतील एका लहान वाचनालयाच्या नोंदींचें काम मी पाहतों. आमच्या माळ्यावरील एका यंत्रांत पुस्तकांची सूची, सभासदांचीं नांवें, पत्ते, टेलिफोन आणि कोणाकडे कोणतें पुस्तक गेलें आहे याच्या नोंदी आहेत. या यंत्राला सर्व्हर म्हणतात. म्हणजे इतर संगणकांच्या प्रश्नांना उत्तरें देत अहोरात्र चालणारा संगणक. त्याचा कारभार लिनक्सच्या डेबियन नांवाच्या प्रकारावर चालतो, आणि ग्रंथालयाचें काम कोहा ही प्रणाली करते. कोहा न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठीं तयार झाली व जानेवारी 2000 पासून वापरांत आली. माओरी भाषेंत या शब्दाचा अर्थ भेट असा आहे, आणि ती खरोखरच सर्वांना मोफत मिळते. 2018 सालीं एका गृहस्थानें हें सर्व आम्हांला बसवून दिलें. पुढें तो परगांवीं गेला; यंत्र मात्र कुरकुर न करतां चालत राहिलें.

गेल्या वर्षीं पुस्तकांना चिकटवावयाच्या पट्ट्या छापण्यासाठीं एक लहानसा प्रोग्रॅम बसवावा म्हणून आम्हीं यंत्राला हुकूम दिला. पडद्यावर उत्तर आलें कीं, मागितलेली वस्तु या पत्त्यावर नाहीं. एका दुकानदारानें यंत्र मोडींत काढण्याचा सल्ला दिला. दोघी वृद्ध भगिनींनीं चार वर्षें खपून जी सूची तयार केली, तिच्या यंत्राला कोणी मोडींत काढा म्हणावें, हें मला सहन होईना. लालबागला राहणारा माझा एक माजी विद्यार्थी या कामांतला जाणकार आहे, त्याला बोलावलें. तो थोडा वेळ पाहून म्हणाला, "सर, यंत्र बिघडलेलं नाहीं. त्याचा आधार सुटलाय."

आधार सुटणें म्हणजे काय, हें समजण्यासाठीं पॅकेजें कोठून येतात तें पाहिलें पाहिजे. डेबियनचें काम 1993 सालीं सुरू झालें. त्यांतील प्रत्येक प्रोग्रॅम एका बांधलेल्या गठ्ठ्याच्या रूपानें मिळतो. त्यालाच पॅकेज म्हणतात. अशीं हजारों पॅकेजें जेथें रचून ठेविलेलीं असतात तें भांडार, म्हणजे रिपॉझिटरी. या भांडाराच्या जशाच्या तशा प्रती निरनिराळ्या देशांतील विद्यापीठें व संस्था आपल्याकडे ठेवतात. सर्व्हरमध्यें सोर्सेस-लिस्ट नांवाची एक यादी असते. तींत भांडाराचा पत्ता व आवृत्तीचें नांव लिहिलेलें असतें. नवें पॅकेज हवें असो किंवा जुन्याची दुरुस्ति, सर्व्हर त्या पत्त्यावर जातो, तेथील सूची वाचतो आणि गठ्ठा घेऊन येतो.

डेबियनच्या आवृत्त्यांना क्रमांकाबरोबर 'टॉय स्टोरी' या चित्रपटांतील पात्रांचीं नांवें असतात. नववी स्ट्रेच 2017 सालीं निघाली, दहावी बस्टर 2019 सालीं, अकरावी बुल्सआय 2021 सालीं, बारावी बुकवर्म 2023 सालीं आणि तेरावी ट्रिक्सी ऑगस्ट 2025 मध्यें. प्रत्येक आवृत्तीला साधारणपणें पांच वर्षें मोफत दुरुस्त्या मिळतात. स्ट्रेचची मुदत 30 जून 2022 रोजीं संपली, बस्टरची 30 जून 2024 रोजीं. मुदत संपल्यावर कांहीं काळानें ती आवृत्ति मुख्य भांडारांतून काढून जुन्या संग्रहांत हलवितात. आमचें यंत्र स्ट्रेचचें. टेबल रिकामें झालें होतें, आणि यंत्राच्या यादींतला पत्ता टेबलाचाच होता.

कोणी विचारील कीं, यंत्र चालत आहे, मग बिघडलें कोठें? त्याचें उत्तर एका उदाहरणानें देतों. सुडो नांवाचा एक प्रोग्रॅम बहुतेक लिनक्स यंत्रांवर असतो. ठराविक माणसाला मालकाचे अधिकार तात्पुरते देणें हें त्याचें काम. त्यांत जुलै 2011 मध्यें एक चूक शिरली आणि ती जानेवारी 2021 मध्यें उघडकीस आली. त्या चुकीच्या वाटेनें, ज्याला असा अधिकार दिलेलाच नाहीं असा साधा वापरणाराहि यंत्राचा मालक होऊं शकत होता. साडेनऊ वर्षें हें छिद्र सर्वांच्या डोळ्यांदेखत होतें. तेव्हां स्ट्रेचची मुदत चालू असल्यामुळें दुरुस्ति मिळाली. परंतु असेंच दुसरें छिद्र मुदतीनंतर सांपडलें, तर तें चोराला कळेल आणि आम्हांला नवें कुलूप मात्र मिळणार नाहीं. आमच्या सभासदांचे पत्ते व टेलिफोन त्या कुलुपाच्या आंत आहेत.

आतां कपाटाकडे वळूं. डेबियनचा जुना संग्रह आर्काइव्ह.डेबियन.ऑर्ग या पत्त्यावर आहे. सोर्सेस-लिस्टमधील जुना पत्ता खोडून हा लिहिला कीं, स्ट्रेचचीं पॅकेजें पुन्हा मिळूं लागतात. येथें यंत्र एक हरकत घेतें. कांहीं सूचींवर मुदतीची तारीख असते. ती उलटून गेली आहे असें म्हणून यंत्र सूची नाकारतें. ही तारीख सकारण घातलेली असते. कोणा लबाडानें जुनी सूची नवी म्हणून पुढें करूं नये, हा तिचा हेतु. संग्रहांतील सूची जुनीच असणार, म्हणून तेवढ्या कामापुरतें तारीख पाहूं नको असें यंत्राला सांगावें लागतें. परंतु सूचीवर डेबियनची सही असते, तिची तपासणी मात्र कोणत्याहि परिस्थितींत बंद करूं नये. पाकिटावरची तारीख जुनी असली तर चालेल. लाखेची मोहोर फुटलेली असतां कामा नये.

पत्ता बदलून आमचा पट्ट्यांचा प्रोग्रॅम त्याच संध्याकाळीं बसला, आणि मी म्हटलें, काम झालें. विद्यार्थ्यानें मान हलविली. "सर, कपाटांत नवा अंक कधी येत नाहीं," एवढेंच तो म्हणाला. संग्रहांत शेवटच्या दिवसापर्यंतच्या दुरुस्त्या आहेत. त्यापुढील एकहि नाहीं. तेथून सामान आणावयाचें तें मुक्काम करण्यासाठीं नव्हे, पुढच्या गांवीं जाण्यासाठीं.

दिवाळीच्या सुटींत वाचनालय बंद असतां तें काम केलें. प्रथम सर्व नोंदींची नक्कल दोन निराळ्या डिस्कांवर घेतली, आणि ती एका दुसऱ्या संगणकावर उतरवून खरोखर उघडते कीं नाहीं तें पाहिलें. या दुसऱ्या संगणकावरच आधीं सर्व प्रयोग केले, हें आमचें सुदैव. कारण माझ्या घाईमुळें आम्हीं नवव्या आवृत्तीवरून एकदम बाराव्या आवृत्तीवर उडी मारून पाहिली. वाटेंतच पर्ल भाषेचे प्रोग्रॅम चालेनासे झाले, आणि कोहा तर सारी पर्लमध्येंच लिहिलेली! डेबियनचा नियम स्पष्ट आहे कीं, एका वेळीं एकच पायरी चढावी. चौथीच्या मुलाला सातवींत बसवूं नये, हें जन्मभर इतरांना सांगणाऱ्या मास्तराला तें कळावयास हवें होतें.

मग रीतसर चढलों. कोहाचें भांडार वेगळें असतें. तें यादींतून तात्पुरतें काढून ठेविलें. संग्रहांतील शेवटच्या दुरुस्त्या घेऊन स्ट्रेच पूर्ण केली, मग संग्रहांतूनच बस्टर आणली. अकराव्या आवृत्तीपासून मुख्य भांडाराचा पत्ता परत लिहिला. सुरक्षेच्या भांडाराचें नांव लिहिण्याची पद्धत याच आवृत्तींत बदलली आहे. पूर्वींप्रमाणें लिहिलें तर दुरुस्त्या मिळत नाहींत. अखेर बुकवर्म. पुस्तकांतल्या किड्याचें हें नांव वाचनालयाला शोभण्यासारखें आहे! प्रत्येक पायरीवर यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलें आणि सूचींतील ओळखीचीं पुस्तकें शोधून पाहिलीं. नकलेवर सर्व जुळल्यावर मग मूळ यंत्राला हात लावला. भाऊबीजेच्या दिवशीं दोघी भगिनींनीं येऊन आपली सूची पाहिली; एकहि नोंद हरवली नव्हती.

इतर लिनक्सांचीहि हीच तऱ्हा आहे. उबुंटूच्या सरलेल्या आवृत्त्या ओल्ड-रिलीझेस या पत्त्यावर, तर सेंटओएसच्या व्हॉल्ट या पत्त्यावर असतात. सेंटओएसची आठवी आवृत्ति 2029 पर्यंत सांभाळण्याचें ठरलें होतें. डिसेंबर 2020 मध्यें तो बेत बदलला आणि 31 डिसेंबर 2021 रोजींच तिची मुदत संपली. सातवीची 30 जून 2024 रोजीं संपली. तेव्हां मुदत एकदां पाहून विसरण्याची गोष्ट नव्हे.

फोर्टमध्यें एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींत राज्य सरकारचें पुराभिलेखागार आहे. जुने दस्तऐवज पाहावयाचे तर तेथें जावें. पण आजचा सरकारी हुकूम कोणी तेथें शोधीत नाहीं. जुन्या भांडाराचा उपयोगहि एवढाच, आणि तो थोडा नव्हे. तें जपून ठेवणाऱ्यांचे आमच्यावर उपकार आहेत. तें नसतें तर आम्हांला पहिली पायरीच मिळाली नसती.

आपल्या सोसायटीच्या कचेरींत, दवाखान्यांत किंवा छापखान्यांत असें एखादें मुकाट चालणारें यंत्र असेल, तर तें सांभाळणाराला तीन प्रश्न अवश्य विचारा. आवृत्ति कोणती? तिची मुदत कधीपर्यंत? आणि नोंदींची नक्कल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिली आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर नाहीं असें आलें, तर पहिले दोन उद्यां विचारले तरी चालतील; नक्कल मात्र आजच घ्यावी.