केळीच्या घडातून हिशेब

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळेत गणिताबरोबर 'संगणकीय विचारा'वरही भर द्यायला सांगितलं आहे. नाव ऐकून घाबरू नका. त्याला संगणक लागतोच असं नाही. अवघड गोष्टीचे तुकडे करायचे, नको ते बाजूला ठेवायचं, पायऱ्या क्रमाने लावायच्या आणि त्याच पायऱ्या पुन्हा वापरायच्या.

आपल्या फैजपूर भागातली केळीच घेऊ. समजा झाडं 1500, घडाला फण्या 9, घडाचं वजन 20 किलो आणि भाव क्विंटलला 1200 रुपये. पैसे किती? इतके आकडे ऐकून मूल गोंधळतं. मग आपण एकेक विचारू. यातलं काय लागणार नाही? फण्या. एकूण वजन? 30,000 किलो. म्हणजे किती क्विंटल? 300. रुपये? 3,60,000.

आता विचारू, घडामागे 2 किलो कमी धरले तर? पायऱ्या त्याच, फक्त 20 च्या जागी 18. उत्तर 3,24,000. म्हणजे 36,000 रुपयांचा फरक! गुणाकार कशासाठी शिकायचा, हे मुलांना इथे कळतं. विक्रीची पट्टीही घरीच तपासता येते.

उत्तर आपण सांगायचं नाही, पुढची पायरी विचारायची. शाळा कमी शिकलेल्या आईलाही हे जमतं. या महिन्यात बचत गटाच्या कर्जाचं व्याज मुलींकडून असंच पायरीपायरीने काढून घेऊ या.