इथेनॉलचा सरकारी करार : सभासदाने काय पाहावे?



गव्हाणीत मोळी पडली की सभासदाचे दोन प्रश्न ठरलेले असतात : भाव काय आणि पैसे केव्हा? अलीकडे तिसरा प्रश्न कानावर येतो, "इथेनॉल तं सरकारच घेते म्हणतात, मंग चुकाऱ्याची वाट काऊन पाहाची?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कराराच्या कागदात आहे.

सरकारी खरेदीचा अनुभव आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी आपण जवळून पाहिली. भावाची हमी मिळाली, तसे चुकाऱ्यासाठी थांबावेही लागले. इथेनॉलची गोष्ट त्याहून वेगळी आहे. येथे सक्ती नसून दरवर्षीचा करार आहे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग २००१ साली झाला, त्यात आपल्या राज्यातील मिरज व मनमाड ही ठिकाणे होती. डिसेंबर २०१४ पासून खरेदीचा दर केंद्र सरकार ठरवू लागले. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम या सरकारी कंपन्या दर पुरवठा वर्षासाठी निविदा काढतात. हे वर्ष आता नोव्हेंबर ते ऑक्टोबर असे धरतात. कारखाना देकार देतो, कंपन्या कोटा वाटून देतात, मग करार होतो. अनामत भरावी लागते, माल कमी पडला तर दंडही असतो.

याचा फायदा उघड आहे. साखर गोदामात महिनोन्‌महिने पडून राहते आणि तिच्यावर बँकेचे व्याज चढते. इथेनॉलचे पैसे त्यामानाने लवकर हाती येतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर १५ टक्के व्याज लागते. तेव्हा हाती खेळता पैसा असणे हे सभासदाच्याच हिताचे.

पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, दर ठरलेला असला तरी कोटा ठरलेला नाही. २०२५-२६ साठी सुमारे १,०५० कोटी लिटरची मागणी होती आणि देकार आले १,७७६ कोटी लिटरचे. मका, तांदळापासूनच्या इथेनॉलचा वाटा मोठा राहिला. उसाच्या वाट्याला चौथ्या हिश्शाहून थोडेच जास्त आले.

दुसरी, जो गिऱ्हाईक तोच कायदा करणारा. पाऊस कमी झाला म्हणून ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली, तीही हंगाम चालू असताना. आठवडाभरात ती सैल झाली, पण देशभर १७ लाख टन साखरेची मर्यादा घातली गेली. बंधन उठले ते ऑगस्ट २०२४ मध्ये, पुढच्या वर्षासाठी. तोवर कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांचे हप्ते काही थांबले नव्हते.

तिसरी गोष्ट आपल्याच हातातली. समजा, कारखान्याने सी-हेवी मळीच्या इथेनॉलचा १० लाख लिटरचा करार केला. २०२४-२५ च्या ५७.९७ रुपये दराने ते ५ कोटी ७९ लाख ७० हजार रुपये होतात. ऊस कमी आला आणि ८ लाख लिटरच देता आले, तर १ कोटी १५ लाख ९४ हजार रुपयांची तूट येते, दंड वेगळाच. इसापूरच्या पाण्यावर आणि पावसावर ज्यांचा ऊस उभा आहे, त्यांना हे जास्त सांगायला नको.

म्हणून वार्षिक सभेत अहवाल नुसता चाळून खाली ठेवू नका. उठून विचारा : देकार किती लिटरचा दिला, कोटा किती मिळाला? आतापर्यंत माल किती गेला, पैसे किती आले? दंड बसला का? डिस्टिलरीचा हप्ता कोटा निम्मा झाला तरी भरता येईल का? आणि आपला नोंदवलेला ऊस आपल्याच गव्हाणीत येतो की रस्त्यात दुसरीकडे वळतो?

शेवटचा प्रश्न संचालकांना नाही, तो ज्याचा त्याने स्वतःला विचारायचा आहे. करारावर सही अध्यक्षांची असते, पण तो पुरा करतो तो तुमच्या बांधावरचा ऊस.