साठीच्या आसपास मुलांसाठी लिहायचंय? मग आजी-आजोबांना जरा बाजूला बसवा

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांची नोकरी संपलीय, मुलं मार्गी लागलीत आणि ज्यांना आता वाटतंय की आपण लहान मुलांसाठी गोष्टी लिहाव्यात. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे बोललेलं सगळं इथे लिहून देतेय. 'बरं का' आणि 'काय आहे ना' थोडी कापलीत, सगळी नाहीत.

हे मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. मी नागपूरची. सरकारी कचेरीत तीस वर्षं टिपणं लिहिली. ५८ व्या वर्षी निवृत्त झाले आणि ५९ व्या वर्षी मुलांसाठी पहिली गोष्ट लिहिली. आता ६३ चालू आहे. फार नाव झालेलं नाही, पण काही गोष्टी छापून आल्या आणि काही मुलांनी त्या पुन्हा वाचायला मागितल्या. दुसऱ्या गोष्टीचा आनंद जास्त.

उशीर झालाय का?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, म्हणून थोडी उदाहरणं. 'लिट्ल हाउस' मालिका लिहिणाऱ्या लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं पहिलं पुस्तक १९३२ साली आलं, तेव्हा त्या ६५ वर्षांच्या होत्या. 'विंड इन द विलोज' लिहिणारे केनेथ ग्रॅहम बँक ऑफ इंग्लंडमध्ये मोठ्या पदावर होते. पुस्तक आलं १९०८ मध्ये, वय ४९. रिचर्ड अ‍ॅडम्स सरकारी नोकरीत होते. मोटारीच्या प्रवासात मुलींना सांगितलेल्या सशांच्या गोष्टीचं 'वॉटरशिप डाउन' झालं १९७२ मध्ये, वय ५२.

आता आपल्याकडे या. विंदा करंदीकरांचा 'राणीची बाग' हा बालकवितांचा संग्रह १९६१ चा, म्हणजे त्यांच्या चाळिशीनंतरचा. तोवर ते मोठ्यांचे गंभीर कवी आणि इंग्रजीचे प्राध्यापक म्हणूनच ओळखले जात. भा. रा. भागवतांचा जन्म १९१० चा. 'बालमित्र' मासिक त्यांनी चाळिशीत काढलं आणि फास्टर फेणेची बरीचशी पुस्तकं तर साठी उलटल्यावर लिहिली. पळणारा, सायकल मारणारा, 'टॉक्' करणारा तो पोरगा साठीपलीकडच्या माणसाच्या लेखणीतून आलाय, हे वाचताना कुणाला जाणवतं का?

आणि जी. ए. कुलकर्णी. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवणारे, 'काजळमाया'सारख्या गडद कथा लिहिणारे जी. ए. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत 'बखर बिम्मची' लिहितात. बिम्म हा एक लहानगा, आणि जग त्याच्या उंचीवरून दिसतं. नियती, दुःख, एकटेपणा यांवर इतकं लिहिलेल्या माणसाने त्यातलं काहीही त्या पोराच्या खांद्यावर लादलं नाही. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं.

अडचण वयाची नाही, जागेची आहे

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. लिहिणारा वयाने मोठा आहे, पण गोष्टीत मधोमध बसलेला नाही. वाइल्डर स्वतःचंच बालपण सांगतात, तरी 'आमच्या वेळी असं होतं' असा सूर लावत नाहीत. तिथे लॉरा नावाची एक छोटी मुलगी आहे आणि तिला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं.

आपल्यासारखे उशिरा लिहायला बसणारे लोक नेमके इथे अडतात. आयुष्यभरात साठलेलं शहाणपण हाताशी असतं आणि ते कधी एकदा वाटून टाकू असं होतं. मग गोष्टीत हटकून एक आजोबा येतात. मुलाला अडचण येते, आजोबा चष्मा पुसतात, बोलतात, मुलाला पटतं, गोष्ट संपते. आजोबांचं समाधान होतं. मूल मात्र तिसऱ्या ओळीलाच उठून गेलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ, आपल्याच मातीतलं. तान्हा पोळा. विदर्भाबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा पोळा असतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत मुलं घरोघरी जातात आणि बोजारा मिळवतात, म्हणजे खाऊ किंवा पैसे. नागपुरात त्याच दिवशी मारबतीची मिरवणूकही निघते. गोष्टीसाठी एवढा ऐवज कुठे मिळणार?

आता समजा, गोष्ट अशी: गोलूचा बैल लहान, शेजारच्या मुलाचा मोठा. गोलू रडतो. आजोबा सांगतात, आहे त्यात समाधान मानावं. गोलू हसतो. यात चूक काहीच नाही, पण घडलं काय? काहीच नाही.

तीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने. गल्लीच्या तोंडाशी गोलूच्या बैलाचं चाक निघून नालीत जातं. पुढे अजून सात घरं बाकी. गोलू खिसे चाचपतो, रस्ता बघतो. त्याला औषधाच्या बाटलीचं झाकण सापडतं. ते चाकाच्या जागी बसतं, पण लहान पडतं. बैल लंगडत चालतो, खर्रर-टुक, खर्रर-टुक. आवाज ऐकून दोन पोट्टे मागे येतात, मग पाच. सातव्या घरापर्यंत मोठमोठ्या बैलांचे मालकही विचारायला लागतात, "बे गोलू, तुझा बैल आवाज कसा काय करून राहिला?"

आजोबा कुठे गेले? आहेत ना, ओट्यावर बसलेत. त्यांनी बोजारा दिला आणि बैलाकडे बघून हसले. तेवढंच काम त्यांना पुरे. समाधानाबद्दल एक शब्द न बोलता जे सांगायचं होतं ते सांगून झालं, कारण अडचण मुलाची होती आणि वाटही त्यानेच काढली.

एक कसोटी सांगते. तुमच्या गोष्टीतली सगळी मोठी माणसं पेन्सिलने खोडून बघा. गोष्ट उभी राहते का? राहिली तर ती मुलांची गोष्ट. कोसळली तर ते आपलं भाषण होतं.

भाषा: कचेरीची नको, पुस्तकीही नको

कुणी कचेरीत होतं, कुणी बँकेत, कुणी शाळेत. प्रत्येकाच्या हाताला तिथलं वळण लागलेलं असतं. 'सदर', 'उपरोक्त', 'करण्यात आले' हे शब्द मी तीस वर्षं रोज लिहिले. ते बोटांतून जायला वेळ लागतो. उपाय एकच, लिहिलेलं मोठ्याने वाचायचं. जिथे जीभ अडेल, तिथे वाक्य तोडायचं.

दुसरं म्हणजे जोडाक्षरं. नुकतं वाचायला लागलेल्या मुलाला मराठीत सगळ्यात जड जातात ती हीच. बैल, चाक, दोरी, माती हे शब्द ते सहज वाचतं. 'उत्साहपूर्ण वातावरण' आलं की थांबतं. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी लिहीत असाल तर 'प्रातःकाळी' काढून 'सकाळी' लिहा. अर्थाचं काहीही नुकसान होत नाही.

आणि आपली बोली? नागपूरचं पोर 'तू काय करतो आहेस?' असं म्हणत नाही, 'तू काय करून राहिला?' म्हणतं. निवेदन सोप्या प्रमाण मराठीत ठेवा, पण मुलांच्या तोंडी त्यांची भाषा येऊ द्या. पुण्यातल्या मुलाला ती कळते, आणि नागपूरच्या मुलाला पहिल्यांदा वाटतं, अरे, हे तर माझ्यासारखं बोलतं!

गोष्ट केवढी असावी?

अंदाज हवा असेल तर प्रथम बुक्सच्या चार पातळ्या बघा. पहिली पातळी साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १५०० पर्यंत आणि त्यापुढे चौथी. चित्रांचं पुस्तक असेल तर जे चित्रात दिसणार ते शब्दांत सांगू नका. 'लाल शिंगांचा, निळ्या झुलीचा बैल' हे चित्रकार दाखवेल. 'खर्रर-टुक' मात्र चित्रात येत नाही, ते तुम्ही लिहा. माधुरी पुरंदरे यांची राधाची किंवा यशची पुस्तकं यासाठी जरूर बघा. चित्रं आणि शब्द दोन्ही त्यांचेच, त्यामुळे कोणतं काम कुणाकडे द्यायचं हे त्यांत फार स्वच्छ दिसतं.

पाठवायचं कुठे आणि पैशाचं काय?

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. पाठवण्याआधी निदान दहा अंक वाचा. 'वयम्' आहे, वर्तमानपत्रांच्या बालपुरवण्या आहेत. एक गोष्ट एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा आणि उत्तराला काही महिने लागतील असं धरून चाला. तोवर पुढची गोष्ट लिहायला घ्या.

'स्टोरीवीव्हर' हे प्रथम बुक्सचं व्यासपीठ २०१५ पासून सुरू आहे. तिथे गोष्ट खुल्या परवान्याखाली जाते. म्हणजे तुमचं नाव देऊन ती कुणीही वापरू शकतं, भाषांतरित करू शकतं. गोष्ट दूरवर पोचते, पण तिच्यावर एकट्याचा ताबा राहत नाही. हे समजून-उमजून ठरवा.

आता जरा कळकळीने सांगते. निवृत्तीनंतर हातात थोडा पैसा असतो आणि 'तुमचं पुस्तक आम्ही काढतो, फक्त खर्च तुमचा' असं म्हणणारे भेटतात. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणं वाईट नाही. पण विक्री कोण करणार, किती प्रती छापणार, हक्क कुणाकडे राहणार, हे कागदावर नसेल तर सही करू नका. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं असतो. तो एका ओळीत देऊन टाकायची घाई कशाला? दिवाणाखाली गठ्ठे पडून राहिलेले मी नात्यागोत्यात पाहिलेत. नंतर त्या घरात लिहिण्याचं नावही निघत नाही. पैसे जातात ते जातातच, पण हुरूपही जातो.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

माझी नात इंग्रजी पुस्तक एका बैठकीत संपवते आणि मराठी वाचताना बोट ठेवून वाचते. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, म्हणजे पाठ्यपुस्तक तरी तिच्या हाती येतं. पण कायद्याने कुणी गोष्ट वाचायला बसत नाही. त्यासाठी गोष्टच ओढ लावणारी हवी. आणि तिच्या गावाचं, महालातल्या गल्लीचं, फुटाळ्याच्या पाण्याचं, मारबतीच्या गर्दीचं काही मराठीत वाचायला हवं असेल, तर ते इथलं कुणीतरी लिहायला हवं. एकेकाळी नागपुरातूनच 'मुलांचे मासिक' निघायचं. ती परंपरा आपल्याला नवी नाही.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. एकच गोष्ट लिहा, ४०० शब्दांच्या आत. मोठी माणसं जास्तीत जास्त एक, तीही ओट्यावर बसलेली. लिहून झाली की एखाद्या मुलाला वाचून दाखवा आणि 'आवडली का?' असं विचारू नका, मुलं आपलं मन राखतात. ते उठून कुठल्या ओळीला गेलं, तेवढं बघून ठेवा. पुढच्या भागात त्या ओळीचं काय करायचं ते बोलू.

भेटू या. नमस्कार.