त्वरकाच्या स्मृतीतील चूक आणि तिची वार्ता

संगणकाच्या व्यवहारात ‘चूक’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. विश्वसनीय संगणनाच्या शास्त्रात मात्र तीन अवस्था निरनिराळ्या मानण्यात येतात. यंत्रात अथवा आज्ञावलीत असलेले मूळ वैगुण्य म्हणजे दोष. त्या दोषामुळे यंत्राची आतील स्थिती विपरीत झाली म्हणजे ती चूक. आणि त्या चुकीपायी यंत्राचे दृश्य कार्य अपेक्षेप्रमाणे झाले नाही म्हणजे तो बिघाड. २००४ साली आव्हिझिएनिस, लाप्री, रँडेल व लँडवेर यांनी ही परिभाषा व्यवस्थित मांडली. दोष असूनही चूक होत नाही आणि चूक होऊनही बिघाड दिसत नाही, असे पुष्कळदा घडते. गणनेस वेग देणाऱ्या त्वरकाच्या, म्हणजे जीपीयूसारख्या उपकरणाच्या, स्मृतीत चूक झाली असता कार्यप्रणालीचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, तिची वार्ता कशी देतो, हे येथे पाहावयाचे आहे.

हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नव्हे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेची स्थापना १९८८ मध्ये झाली व १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. याच संस्थेत २०२० मध्ये उभारलेल्या ‘परम सिद्धी-एआय’ या यंत्रात एनव्हिडियाचे ए-१०० जातीचे त्वरक आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील, अथवा त्याच्या लातूर उपपरिसरातील, एखाद्या अभ्यासकाने मराठी वाक्यरचनेची गणना अशा दूरच्या यंत्रावर चालविली, तर यंत्र त्याच्या दृष्टीस पडत नाही. त्याच्या हाती येतात ते केवळ आकडे. ते आकडे ज्या स्मृतीतून आले ती निर्दोष होती की नाही, हे सांगणारा साक्षीदार म्हणजे कर्नेलची नोंदवही.

स्मृतीतील प्रत्येक बिट हा एक सूक्ष्म विद्युत्‌भार असतो. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे उत्पन्न झालेला एखादा न्यूट्रॉन तेथे आदळला, किंवा पेशीच मुळात दुबळी असली, तर शून्याचा एक होतो. यावरील उपाय बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या संकेतपद्धतीच्या प्रचलित विस्तारात ६४ बिटांस ८ तपासणीचे बिट जोडले जातात. एक बिट उलटला तर तो कोणता हे कळते व तो सुधारता येतो. दोन उलटले तर चूक झाली एवढे कळते, पण सुधारणा करता येत नाही. अशा रीतीने सुधारलेली चूक आणि न सुधारता आलेली चूक हे दोन वर्ग पडतात.

तिसरा वर्ग याहून अगदी भिन्न आहे. त्वरकावर चाललेली आज्ञावली जो पत्ता मागते तो तिला दिलेलाच नसेल, तर पत्त्यांचे भाषांतर करणारा यंत्रभाग तिला अडवितो. यास इंग्रजीत ‘पेज फॉल्ट’ हे नाव आहे; परंतु येथे स्मृतीत कोणतेही वैगुण्य नसते. कित्येकदा तर हवे असलेले पान अन्यत्र आहे, ते आणावे, एवढाच त्याचा अर्थ असतो आणि पान आणल्यावर काम निर्वेधपणे पुढे चालते. ‘स्मृतिदोष’ या एकाच शब्दाखाली हे तिन्ही वर्ग घातले, तर आज्ञावलीच्या अपराधाचे खापर यंत्रावर आणि यंत्राचे आज्ञावलीवर फुटते.

आता वार्तेचा मार्ग पाहू. मुख्य प्रोसेसरच्या स्मृतीसाठी लिनक्स कर्नेलमध्ये २००६ पासून ‘एडॅक’ नावाचा विभाग आहे. नासलेले पान वापरातून काढण्याची व्यवस्थाही २००९ मध्ये त्यात आली. त्वरकाची स्मृती मात्र त्वरकाच्याच ताब्यात असते. चूक झाली की तो व्यत्ययाचा संकेत देतो. त्याचा ड्रायव्हर उपकरणातील नोंदी वाचतो आणि कर्नेलच्या नोंदवहीत ओळ लिहितो. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये अशा ओळीस ‘एक्सआयडी’ क्रमांक असतो. ३१ हा क्रमांक पत्त्याच्या चुकीचा असून तिचे मूळ बहुधा आज्ञावलीत सापडते. ४८ हा दोन बिटांच्या, न सुधारता आलेल्या चुकीचा. ६३ म्हणजे नासलेल्या ओळीऐवजी राखीव ओळ योजल्याची नोंद. ६४ म्हणजे ती योजना फसल्याची. ९४ सांगतो की न सुधारता आलेली चूक एकाच आज्ञावलीपुरती मर्यादित राहिली. ९५ सांगतो की ती तशी राहिली नाही. एकाच त्वरकावर काम करणाऱ्या दुसऱ्या अभ्यासकास स्वतःच्या निष्कर्षावर विश्वास ठेवता येईल की नाही, हे ९४ व ९५ यांतील भेदावर ठरते.

सुधारलेल्या चुका बहुधा ओळींत न येता गणकांत जमा होतात. एक गणक ड्रायव्हर नव्याने सुरू झाला की शून्यावर येतो, दुसरा उपकरणाच्या आयुष्यभराची बेरीज ठेवतो. व्यापाऱ्याची रोजकीर्द व खतावणी असावी तसे हे आहे. सुधारलेली चूक ती कसली, असे म्हणून या गणकांकडे दुर्लक्ष होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपापूर्वी, १९९२ मध्ये, किल्लारी परिसरात लहान धक्के जाणवले होते, हे लातूर जिल्ह्यास सांगावयास नको. लहान धक्क्यांमागून मोठा येतोच असे नाही. तसेच सुधारलेल्या चुकांवरून पुढील बिघाडाचे भाकीत निश्चितपणे करता येत नाही. तथापि एकाच ओळीत पुनःपुन्हा होणारी चूक आणि विखुरलेल्या यादृच्छिक चुका यांतील फरक नोंद ठेवल्यावाचून कळणार नाही, एवढे खरे.

नोंदवहीलाही मर्यादा आहेत. कर्नेलची नोंदवही वर्तुळाकार असते. ती भरली की जुन्या ओळींवर नव्या ओळी लिहिल्या जातात, म्हणून ती वेळोवेळी अन्यत्र उतरवून घ्यावी लागते. शिवाय ही संकेतपद्धती राखते ती साठविलेली बिटे. गणना करणाऱ्या मंडलातच चूक झाली तर या नोंदीत तिचा मागमूस नसतो.

यावरून चांगल्या वार्तेचे लक्षण सांगता येते. कोणत्या उपकरणात, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या वर्गाची चूक झाली; कोणती आज्ञावली तिच्या कक्षेत आली; आणि कर्नेलने वा ड्रायव्हरने त्यावर काय केले, या पाच गोष्टी तीत असल्या पाहिजेत. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर कर्ता, अधिकरण व क्रिया यांवाचून वाक्य पुरे होत नाही. ‘स्मृतीत चूक’ एवढेच म्हणणारी ओळ यंत्रचालकास घाबरविते, पण अभ्यासकास काहीच सांगत नाही. उलट, गणना कोणत्या त्वरकावर झाली आणि त्या काळात त्याच्या नोंदवहीत काय लिहिले गेले, हे ज्याने आपल्या आकड्यांसोबत जपून ठेवले, त्यास परीक्षकाने शंका घेतली असता उत्तर देता येईल. आणि उत्तर देता येत नसेल, तर गणना पुन्हा करावयास हवी हे तरी त्यास वेळीच कळेल.